बिसाहूने काढलेली वायर

लाल रंगाला मी घाबरत नाही. पडद्यावर लाल चौकोन आला म्हणजे कुठेतरी काहीतरी बिघडलं आहे आणि ते आपल्याला कळलं आहे. फोन लावायचा, माणूस पाठवायचा, काम सुरू. आमच्या धंद्यात घाबरायचं ते राखाडी रंगाला. राखाडी म्हणजे तिकडे काय चाललंय ते आपल्याला माहीतच नाही. सगळं सुरळीत असेल, किंवा आग लागली असेल. पडदा दोन्हींना एकच रंग देतो.

रायपूरला शंकर नगरमध्ये आमचं ऑफिस आहे. खाली मिठाईचं दुकान, वर आम्ही. लोकांची यंत्रं दूरदूर असतात: कुणाचे रक्त साठवायचे फ्रीज, कुणाचं कोल्ड स्टोरेज, कुणाच्या पाण्याच्या मोटारी. आम्ही इथे बसून त्यांच्यावर नजर ठेवतो. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी एक लहान कंप्युटर बसवतो आणि त्यात एक छोटासा प्रोग्राम टाकतो. त्याला एजंट म्हणतात. बूढ़ापाऱ्यातल्या माझ्या शेजारणींना अजून वाटतं की मी विमा विकते. हा एजंट तिथलं तापमान, दाब, मोटार चालू की बंद, हे सगळं आमच्या ऑफिसातल्या मोठ्या कंप्युटरला, म्हणजे सर्व्हरला, सांगत राहतो. दोघांचं बोलणं चालू असलं तर चौकोन हिरवा. बोलणं तुटलं की राखाडी. ते का तुटलं हे शोधणं हे माझं काम.

हे काम दार वाजवण्यासारखं आहे. दार वाजवलं आणि आतून ‘उघडत नाही जा’ असं उत्तर आलं, तर निदान घरात कुणीतरी आहे. वाजवलं आणि काहीच आवाज नाही, तर घर रिकामं असेल, किंवा रस्ता मधेच तुटला असेल, किंवा मधल्या एखाद्या पहारेकऱ्याने आपल्याला गुपचूप परत धाडलं असेल. नवीन माणूस आला की तो सगळ्यात आधी एजंटला दोष देतो आणि गाडी काढून साठ किलोमीटर जातो. तिथे गेल्यावर कळतं की एजंट बिचारा ठणठणीत आहे आणि कुलूप आपल्याच दाराला आहे.

एकदा आम्ही ऑफिसचं इंटरनेट बदललं. नव्या जोडणीने सर्व्हरचा पत्ता बदलला. एजंटला सक्त ताकीद असते की ओळखीच्या पत्त्याशिवाय कुणालाही दार उघडायचं नाही. झालं, सकाळी सगळा पडदा राखाडी. सगळीकडे एजंट जिवंत, सगळीकडून नकार. वानखेडे भाऊ, म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने इंजिनिअर, चहाचा कप धरून पडद्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "घर बदलवलं, अन् सासरी पत्ताच नाही कळवला. आता कोन उघडीन दार?"

पंडरीच्या एका कापड व्यापाऱ्याच्या गोदामाचा चौकोन दर लग्नसराईत राखाडी व्हायचा. आग लागली तर कळावं म्हणून तिथे धुराचे सेन्सर लावले होते. आम्ही सेन्सर बदलले, कंप्युटर बदलला, सेठजीशी भांडलो. शेवटी मी स्वतः गोदामात जाऊन उभी राहिले. लग्नाच्या साड्यांच्या गाठी छतापर्यंत रचल्या होत्या. सेन्सर आणि कंप्युटर यांच्यामध्ये बिनतारी जोडणी होती, आणि मधे कापडाची एवढी जाड भिंत, की तिच्यातून काही पलीकडे पोचत नव्हतं. म्हणजे गोदाम कापडाने खच्चून भरलेलं असताना, आग लागायची भीती सर्वांत जास्त असताना, नेमकं तेव्हाच आम्ही आंधळे. सेठजींना हे सांगितलं तर ते हसले. मला त्या दिवशी रात्रीचं जेवण गेलं नाही.

हे किस्से मी लोकांना हसत सांगते. धमतरी रस्त्यावरच्या कोल्ड स्टोरेजचा मात्र हसत सांगता येत नाही.

रायपूर मागे पडल्यावर शेतांच्या मधोमध ते कोल्ड स्टोरेज आहे. बटाटे, चिंच, मिरची. अमोनियावर चालणारे दोन मोठे कॉम्प्रेसर. मोटार पट्ट्यांनी एक जाडजूड लोखंडी चाक फिरवते आणि त्या चाकावर कॉम्प्रेसर चालतो. चाकाला आऱ्या असतात, बैलगाडीच्या चाकासारख्या. चालू असताना त्या दिसत नाहीत, नुसती एक धूसर तबकडी दिसते. पट्ट्यांवर लोखंडी जाळी असते. ती काढल्याशिवाय आत हात जात नाही.

तिथला ऑपरेटर बिसाहू. पन्नाशीचा, जवळच्याच गावचा, मराठी ऐकली की हसणारा. मी त्याला बिसाहू भैया म्हणायची, तो मला दीदी.

या मालकाने आमच्याकडून नजर ठेवण्यापलीकडचं एक काम मागून घेतलं होतं. ऑपरेटर लोक कॉम्प्रेसर बंद करून झोपतात असा त्याला संशय. म्हणून नियम असा लावला, की कॉम्प्रेसर बंद दिसला आणि काही मिनिटं बंदच राहिला, तर आमचा सर्व्हर एजंटला हुकूम देणार: चालू कर. आणि एजंट तो चालू करणार. शंकर नगरमधून, कुणीही बोट न लावता. मशीनच्या पॅनेलवर ‘हाताने’ आणि ‘दुरून’ असा निवडायचा एक खटका असतो. मालकाने त्यावर पेटी बसवून तिला कुलूप ठोकलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. दोन्ही कॉम्प्रेसरचा मुख्य स्विच एकच होता. तो पाडला तर सगळंच बंद, आणि बटाटे गरम.

त्या चौकोनाची एक खोड होती. दरवर्षी हरेलीला तो सकाळी राखाडी व्हायचा आणि दुपारपर्यंत आपोआप हिरवा. हरेली म्हणजे छत्तीसगडची सावन अमावस्या. आपल्याकडे तीच आषाढातली दिव्यांची अमावस्या. आपण दिवे घासतो, हे लोक अवजारं. नांगर, कुदळ, विळे धुऊन मुरमावर मांडतात, हळदकुंकू लावतात, गुळाचा चीला म्हणजे धिरडं करून नैवेद्य दाखवतात, दाराला कडुनिंबाची डहाळी खोचतात. त्या दिवशी अवजाराला काम सांगायचं नाही. आमच्या ऑफिसात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, की बिसाहू कंप्युटरलाही अवजार समजतो आणि हरेलीला त्याला सुट्टी देतो. वानखेडे भाऊ म्हणायचे, "कॉम्प्रेसर बंद केला तं सेठ मारते. मंग कोन उरलं आराम कराले? कंप्युटर!" आम्ही सगळे हसायचो, मीही.

मालक हसत नव्हता. त्याने त्या वर्षी आमच्याकडून दुसरा रस्ता करून घेतला. वायरचं इंटरनेट गेलं तर मोबाइलच्या सिमवरून एजंटने आपोआप आमच्याशी बोलायचं. मला हे पटलंच होतं. ज्या यंत्राला एकच रस्ता, ते यंत्र कधीतरी राखाडी होणारच.

हरेलीला मी घरचे दिवे घासून, पूजा करून, थोडी उशिराच ऑफिसला पोचले. बाहेर धो धो पाऊस. पडद्यावर धमतरी रस्त्याचा चौकोन राखाडी.

"आली हरेली," वानखेडे भाऊ म्हणाले. "घ्या, नारळ फोडा."

"पण सिमचा रस्ता का नाही लागला?" मी म्हटलं.

"काहून डोकं लावता बाई? दुपारी होते हिरवं."

मला राहवेना. नवा रस्ता पहिल्याच परीक्षेत नापास झाला, ही गोष्ट मला सहन होणारी नव्हती. मी शोधायला बसले. वायरच्या रस्त्याने दार वाजवलं, उत्तर नाही. म्हणजे वायर गेली. मग सिमचा रस्ता पाहिला. एजंट त्या रस्त्याने येत होता! पुन्हा पुन्हा आमच्या दारापर्यंत येत होता आणि आमच्याच फायरवॉलकडून, म्हणजे दारावरच्या पहारेकऱ्याकडून, परत जात होता. नव्या पत्त्यावरून येणाऱ्याला आत सोडायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी ते सांगितलं.

चौकोन हिरवा झाला.

"घ्या भाऊ, नारळ," मी म्हटलं. या कामात एवढंच सुख असतं, आणि ते मी पुरतं उपभोगलं. खुर्चीत मागे रेलले.

मग एजंटने आणलेले आकडे एकेक करून भरू लागले. तापमान ठीक. दाब ठीक. कंप्युटर किती काळ सलग चालू आहे तो आकडा आला, आणि मी पुन्हा पुढे वाकले. तो कित्येक महिने सलग चालू होता. हरेलीची सुट्टी त्याला कुणी दिलीच नव्हती.

खालच्या ओळीत आलं: कॉम्प्रेसर क्रमांक एक, बंद.

कंप्युटर चालू, वायर काढलेली, कॉम्प्रेसर बंद. हे तिन्ही एका रांगेत वाचल्यावर मला ते दृश्य दिसलं. बिसाहूला अवजार म्हणजे कॉम्प्रेसर. तो त्याला आराम देतो, धुतो, पुसतो. जाळी काढून त्या चाकात हात घालतो. आणि हात घालण्याआधी आमची वायर काढतो, शंकर नगरमधून कुणी ते चालू करू नये म्हणून. खटक्याची पेटी मालकाने कुलपात घातली, मुख्य स्विच पाडता येत नाही, मग गरिबाकडे उरलं काय? आमचा राखाडी चौकोन हेच त्याचं कुलूप होतं. ते मी आत्ताच उघडलं होतं.

तिसरी ओळ आली. कॉम्प्रेसर विनाकारण बंद. चालू करण्याचा हुकूम रांगेत.

"भाऊ," मी म्हटलं, "त्याचा हात आत आहे."

"कोनाचा?"

"बिसाहूचा. फोन लावा. बिसाहूला फोन लावा!"

माझे हात कीबोर्डवर. नियम बंद केला. पण नियम बंद केल्याने पुढचे हुकूम थांबतात, रांगेत लागलेला थांबत नाही. तो रद्द करायला गेले तर मालकाच्या परवानगीचा पासवर्ड मागू लागला. मग फायरवॉल पुन्हा पूर्वीसारखी केली. नव्या पत्त्याला मज्जाव. चौकोन हिरवाच. दार लावून घेतलं तरी आत आलेला पाहुणा आतच असतो. चालू असलेलं बोलणं फायरवॉल मधे तोडत नाही, हे मीच लोकांना शिकवते.

"उचलत नाही बाई," वानखेडे भाऊ फोन कानाला लावून म्हणाले. "घंटी जाऊन राहिली नुसती."

"गेटच्या गार्डला लावा!"

मी उठले आणि सर्व्हरच्या खोलीत गेले. आमच्या सर्व्हरला दोन बाजूंनी वीज येते, एक गेली तरी दुसरी चालू राहावी म्हणून. मी दोन्ही पिना हाताने उपटल्या.

पंख्यांची घरघर थांबली. एवढी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. वानखेडे भाऊ दारात आले.

"काय करून राहिल्या तुम्ही! रक्ताचे फ्रीज हायेत त्याच्यावर! सारे साइट आंधळे झाले ना!"

"होऊ द्या. गार्ड बोलला?"

"पानी पडून राहिलं टिनावर. त्याले ऐकूच येत नाही."

मी फोन हिसकावून घेतला. हुकूम मी पिना उपटण्याआधी निघून गेला होता की नाही, हे मला माहीत नव्हतं. गेला असेल तर जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं आणि मी फक्त त्याची बातमी ऐकायला थांबले होते. मी सर्व्हरच्या कपाटाला टेकून उभी राहिले. गार्डला मी ओरडून सांगत होते: "बिसाहू को बुलाओ! दौड़ो! मशीन से हाथ निकालने को बोलो!" तो "का? कोन?" करत होता. मग त्याच्या चपलांचा पाण्यातला आवाज. मग बराच वेळ नुसता पाऊस. मी त्या पावसात दुसरा आवाज शोधत होते, मोटारीचा, किंवा किंकाळीचा.

"हव दीदी, का होगे?"

बिसाहूचा आवाज होता. पण आवाजाने काही सिद्ध होत नाही. हात तुटलेला माणूसही पहिल्या क्षणी साधाच बोलतो, असं मी कुठेतरी ऐकलं होतं.

"भैया, मोबाइल कौन से हाथ में है?"

"दाहिना म. काबर?" उजव्यात, पण का, असं तो विचारत होता.

"और बायाँ? बायाँ कहाँ है?"

"बायाँ म डोरी धरे हंव दीदी. पूजा के डोरी. एक छोर चक्का म बांध डारे हंव, दूसर ल बांधत रहेंव, त गार्ड ह चिल्लावत आइस." एक टोक चाकाला बांधून झालं होतं, दुसरं बांधतानाच गार्ड ओरडत आला होता.

"हाथ मत डालना अब. सुनो. डोरी छोड़ दो. छोड़ो, वहीं छोड़ो. सबको लेकर बाहर आओ, गेट तक. फोन चालू रखो."

त्याने दोरी तिथेच सोडली. सगळ्यांना घेऊन तो गेटवर आला. किती जण आहेत, सगळे आले का, हे मी त्याच्याकडून नावं घेऊन वदवून घेतलं. मग वानखेडे भाऊंकडे पाहिलं. सर्व्हर परत चालू करणं भाग होतं. पलीकडे रक्ताचे फ्रीज होते, आणि ऑफिसचे फोन आता एकामागून एक वाजू लागले होते. पण सर्व्हर उठला की रांगेतला हुकूमही उठणार होता, जर तो आधीच गेला नसेल तर.

"वायर तर निघालेलीच हाये ना त्याची," वानखेडे भाऊ हळूच म्हणाले.

"सिम आहे ना, भाऊ. वायर नाही लागत आता. आणि फायरवॉलचं दार उघडलं ते जतन आहे, घाईत लावलं ते नाही. सर्व्हर उठला की ते उघडंच असेल."

आमचं बोलणं पलीकडे बिसाहू ऐकत होता. त्याला किती समजत होतं देव जाणे.

"मालकाला फोन करून पासवर्ड घेऊ?"

"तो पहिले विचारीन, मशीन बंद काहून. घंटाभर भांडन. तोवर फ्रीज?"

मी पिना लावल्या. सर्व्हर उठायला वेळ लागतो. आम्ही दोघं पडद्यासमोर, फोन मधे स्पीकरवर. चौकोन एकेक करून रंगू लागले. रक्ताचे फ्रीज हिरवे, ठीक. पंडरी हिरवी. धमतरी रस्ता हिरवा.

फोनमधला पाऊस आता ओसरला होता. मग लांबून एक खटका. मग मोटारीचा हुंकार, आणि पट्टे ताणले जाताना होतो तो आवाज, चढत जाणारा. बटण कुणी दाबलं नव्हतं, खोलीत कुणी नव्हतं. कॉम्प्रेसर चालू झाला होता.

 वानखेडे भाऊंनी चष्मा काढला आणि तो हातातच धरून ठेवला. पलीकडे बिसाहूचा श्वास ऐकू येत होता. तो दाराशी जाऊन लांबून पाहून आला असावा, कारण बऱ्याच वेळाने त्याचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत.

"दीदी. डोरी ल लील दिस."

दोरी गिळली.

मालक दुसऱ्या दिवशी ऑफिसात आला तो तणतणतच. हात घालायला सांगितलं कुणी, त्यासाठी देखभालीची कंपनी वेगळी आहे, मशीन बंद केलीच कशी, आणि तुम्ही माझं देखरेखीचं काम मधेच बंद कसं केलंत. मी त्याला ऐकवलं की देखरेख परत देते, पण दुरून चालू करायचा हुकूम मी त्याच्यासाठी पुन्हा लावणार नाही. प्रत्येक कॉम्प्रेसरला वेगळा स्विच हवा, त्याला कुलूप हवं, आणि ज्याचा हात आत त्याच्याच खिशात किल्ली हवी. दुसरी किल्ली कुणाकडेही नाही, तुमच्याकडेसुद्धा नाही. तो म्हणाला, दुसऱ्या कंपनीकडे जाईन. मी म्हटलं, जा, आणि त्यांना ही गोष्ट सांगून जा. तो गेला नाही. वीज खात्याच्या एका ओळखीच्या माणसाने त्याला अपघात झाल्यावर काय काय होतं ते समजावलं म्हणे. स्विच बसले.

त्यानंतर माझं कामातलं एक सुख गेलं. तुटलेलं बोलणं जुळलं की मी आता मागे रेलत नाही. आधी फोन करून विचारते: तिकडे कुणी काही उघडून बसलंय का? लोक वैतागतात. "दीदी, कनेक्शन आ गया ना, फिर क्या पूछ रही हो?" विचारतेच मी. ज्या कारणाने ते तुटलं ते कारण कुणी माणूसही असू शकतो, आणि त्याने ते समजून-उमजून तोडलेलं असू शकतं, हे आमच्या कुठल्याही प्रशिक्षणात सांगत नाहीत.

पुढच्या हरेलीला मी स्वतः तिकडे गेले. बोलावलं बिसाहूनेच होतं. मशीनघराच्या दाराला कडुनिंब, खाली मुरमावर नटबोल्टचे पाने, हातोडे, ऑइलचं डबडं, सगळं धुऊन मांडलेलं. त्याच्या बायकोने चीले करून पाठवले होते. कॉम्प्रेसर थांबला. आज किल्ली तुम्हीच धरा असं बिसाहू म्हणाला, म्हणून स्विच मी पाडला, कुलूप मी लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं, आणि किल्ली मुठीत घेतली. बिसाहूने जाळी काढली. थांबलेलं चाक पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहत होते मी. आऱ्या माझ्या मनगटाएवढ्या जाड.

"दीदी, आज तुमन टीका लगावव," तो म्हणाला आणि कुंकवाची वाटी माझ्यापुढे धरली. चाकाच्या मधल्या तुंब्याला टिळा लावायचा असतो. हात कोपरापर्यंत आत घालावा लागतो.

मी बोट कुंकवात बुडवलं. किल्ली माझ्या डाव्या मुठीत होती, जगात दुसरी नव्हती. वीज नव्हती, हुकूम नव्हता, वायर काढलेली होती, सिम मी माझ्या हाताने काढून पर्समध्ये टाकलं होतं. यातलं प्रत्येक मला ठाऊक होतं, कारण प्रत्येक मीच केलं होतं. माझा हात आऱ्यांच्या बाहेर थांबला तो थांबलाच.

बिसाहूने थोडा वेळ वाट पाहिली. हसला नाही. मग वाटी घेतली, बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि हात चाकात घातला. तो टिळा लावून हात बाहेर काढेपर्यंत मी किल्ली एवढी घट्ट धरली होती, की तिचे दात तळव्यात उमटले.